चपलेच्या वर

हाडांच्या डॉक्टरांनी बूटवाल्याला शिवी दिली ती सोमवारी सकाळी सव्वाअकराला, इंग्रजीत. आणि ती इतकी लांबलचक होती की संपेपर्यंत बूटवाल्याला वाटत होतं, डॉक्टर एखादं औषध सांगतायत.

झालं होतं असं. बूटवाल्याची मोठी बहीण लाँड्रीत इस्त्री करायची, दिवसाचे नऊ तास उभी. तिला सगळे ताईच म्हणत, तिच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा असलेला लाँड्रीचा मालकसुद्धा. गेल्या दोन महिन्यांत ताई तीनदा पडली आणि तिसऱ्यांदा पडली तेव्हा तिचा डावा गुडघा टम्म सुजला. डॉक्टरांनी गुडघ्याचा फोटो काढवला. तो उजेडावर धरला. त्याच्याशी बराच वेळ नजरानजर केली, आणि गुडघ्यातली गादी फाटली आहे, शुक्रवारी दुर्बिणीतून ऑपरेशन करू, असं त्या फोटोलाच सांगितलं. ताईकडे त्यांनी पाहिलं ते समोर बसलेली बाई दुसरीच कुणी नाही ना, याची खात्री करण्यापुरतं.

तेव्हा सोबत आलेल्या बूटवाल्यानं पिशवीतून ताईचा जुना डावा बूट काढला आणि टेबलावर ठेवला.

"साहेब, हे बघा. ही जन्मभर टाच झिजवत आली. बाहेरच्या अंगानं. आता टाच जशीच्या तशी आहे आणि पुढचं टोक गेलंय. म्हणजे पाऊल टाकताना पंजा उचलला जात नाही, जमिनीला घासतो. ही पडली म्हणून गुडघा सुजला. गुडघ्यामुळे ही पडलेली नाही. जरा वर बघा. कंबरेत एखादी नस दबली असेल."

डॉक्टरांनी बुटाकडे असं पाहिलं, जणू तो आपल्या पायांनी चालत आत आला होता आणि नंबर न लावता आला होता.

"तुम्ही काय करता?"

"बूट दुरुस्त करतो."

"वाटलंच," डॉक्टर म्हणाले, आणि नर्सकडे वळून हसत हसत तो शब्द बोलले. नर्स हसली नाही. तिलाही तो औषधच वाटला असावा, कारण तिनं पेन उघडलं. मग डॉक्टरांनी मोठ्या मनानं एका चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत तो शब्द लिहून बूटवाल्याच्या हातात दिला. "घरी जाऊन बघा. फावल्या वेळात."

शब्द होता अल्ट्राक्रेपिडेरियन.

बूटवाल्याचं दुकान म्हणजे जिन्याखालची एक खोली होती. त्यात एक माणूस बसू शकायचा आणि एक माणूस चिडू शकायचा, आणि ही दोन्ही कामं बूटवाला एकटाच करायचा. बाहेर पाटी होती : 'बूट-चप्पल दुरुस्ती. घाई असल्यास अनवाणी जावे.' सोमवारी दुपारी त्यानं एका बुटाला चार खिळे जास्त ठोकले आणि ते उपटताना सोलही उपटला. चिठ्ठी समोर भिंतीला टोचून ठेवली होती. मान वर केली की शब्द दिसे, शब्द दिसला की हातोडी चुके.

शेवटी तो उठला आणि समोरच्या औषधाच्या दुकानात गेला.

औषधवाल्यानं चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली, लांब नेली, मागच्या फळीवर शोधलं, खालचा खण उघडला.

"संपलंय," तो म्हणाला. "उद्या येईल. दुसऱ्या कंपनीचं चालेल?"

"ते औषध नाहीये."

"मग काय आहे?"

"मला म्हटलंय ते."

औषधवाल्यानं चिठ्ठी पुन्हा वाचली, बूटवाल्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाला, "काळजी घ्या. पाणी उकळून प्या."

बूटवाल्याची भाची, म्हणजे ताईची मुलगी, वाचनालयात संदर्भ विभागात कामाला होती. तिथे अशी पुस्तकं होती की ती घरी न्यायला बंदी होती, आणि ती बंदी मोडायची इच्छा अजून कुणालाच झालेली नव्हती. मंगळवारी बूटवाला तिच्या टेबलासमोर जाऊन उभा राहिला आणि त्यानं चिठ्ठी ठेवली.

"हे काढ."

"मामा, हळू बोल. इथे लोक वाचतात."

बूटवाल्यानं मागे पाहिलं. एक गृहस्थ वर्तमानपत्र तोंडावर घेऊन झोपले होते.

भाचीनं दोन हातांनी एक शब्दकोश उचलून आणला, पानं उलटली, बोट खाली खाली नेलं. "आहे. 'आपल्याला ज्यातलं कळत नाही, त्यावर मत देणारा माणूस.'"

"हं."

"एवढं काही वाईट नाही रे. आमच्याकडे असले रोज येतात."

"एवढा लांब शब्द आणि अर्थ एवढासा? आलाय कुठून तो?"

भाचीनं मराठीत सांगायच्या आधी मनातल्या मनात वाचून घेतलं, आणि तिचा चेहरा, फोन उचलल्यावर पलीकडे वाईट बातमी असावी, तसा झाला. "लॅटिनमधून. 'अल्ट्रा' म्हणजे पलीकडे. आणि 'क्रेपिडा' म्हणजे..."

"म्हणजे?"

"चप्पल."

बूटवाल्यानं खुर्ची ओढली आणि तो बसला. झोपलेल्या गृहस्थांच्या तोंडावरचं वर्तमानपत्र हललं.

"चपलेच्या पलीकडे," भाची हळूच म्हणाली. "गोष्ट आहे त्यामागे. सांगू का? की नको?"

"सांग."

तिनं आणखी दोन पुस्तकं आणली आणि सांगितलं. ग्रीकांमध्ये एक फार मोठा चित्रकार होऊन गेला, असं रोमन लोक लिहून गेलेत. तो आपली चित्रं रस्त्यावर लोकांना बघायला ठेवायचा आणि स्वतः चित्रामागे लपून कोण काय बोलतं ते ऐकायचा.

"लपून?"

"लपून."

"चांगल्या घरचा दिसतो. पुढे?"

एकदा एक चपला शिवणारा आला. तो म्हणाला, ह्या चित्रातल्या चपलेला आतल्या अंगाचा, दोरी ओवायचा एक फासा कमी काढलाय. चित्रकारानं ते ऐकून चूक दुरुस्त केली. दुसऱ्या दिवशी चपलावाला परत आला. आपलं ऐकलं म्हणून खूश झालेला. मग त्यानं चित्रातल्या माणसाच्या पायातही खोड काढली. तेव्हा चित्रकार रागानं मान बाहेर काढून म्हणाला की, चपलावाल्यानं चपलेच्या वर मत देऊ नये. त्याची म्हण झाली. म्हणीवरून पुढे कुणीतरी इंग्रजीत हा शब्द केला.

"कुणीतरी म्हणजे कुणी?"

"दोनशे वर्षांपूर्वी एक लेखक आणि एक संपादक भांडले. लेखकानं संपादकाला उद्देशून पत्र छापलं, त्यात हा शब्द आहे. आणि मामा..." भाचीनं पुस्तक किंचित स्वतःकडे ओढलं. "तो संपादक लहानपणी बूटवाल्याकडे उमेदवारी करत होता."

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात. बूटवाल्याची आग धंद्यामुळे तळपायाशी कायमच तयार असायची, तिला मस्तक गाठायला वेळ लागत नसे.

"म्हणजे पहिल्या दिवशी सल्ला घेतला," तो म्हणाला. "फुकट. चित्र सुधारून घेतलं. लोकांनी वाहवा केली असेल त्याची, चप्पल काय काढलीय म्हणून. आणि दुसऱ्या दिवशी हाकलला. कुठाय हा चित्रकार?"

"मामा, त्याला मरून दोन हजारावर वर्षं झाली."

"मग सुटला का तो? चित्र कुठाय?"

"हरवलं. त्याचं एकही चित्र आज शिल्लक नाही."

"बरं झालं." मग बूटवाल्यानं विचारलं, "पायाबद्दल काय म्हणाला तो?"

"कोण?"

"चपलावाला. दुसऱ्या दिवशी. पायात काय खोड काढली?"

भाचीनं वाचलं. दुसरं पुस्तक काढलं. तिसरं. शिडी लावून वरचं एक काढलं, ते बाहेर आलं तेव्हा त्याच्याबरोबर कुणाची तरी वीस वर्षांपूर्वीची बसची तिकिटं बाहेर आली. अर्ध्या तासानं ती म्हणाली, "'पायात खोड काढली.' सगळीकडे एवढंच आहे."

"काय खोड?"

"दिलेलं नाही."

"घोटा चुकला होता? पोटरी उलटी होती? पाऊल फताडं होतं आणि वर पाय शेळीचा होता? काय होतं?"

"मामा, कुणी लिहूनच ठेवलं नाही."

"कुणी बघितलं तरी का, त्या पायाकडे? तो बरोबर होता की चूक, हे एकानं तरी बघितलं? दोन हजार वर्षं लोक ही गोष्ट सांगतायत, हसतायत, त्यातून शब्द काढतायत, आणि एकालासुद्धा वाटलं नाही की जरा पाय बघून यावा? अगं, तो माणूस दिवसभर काय करत होता? लोकांचे पाय हातात धरत होता. पायावर बोलायला आणखी कोण पाहिजे, न्हावी?"

"आपल्याकडे तरी वेगळं काय आहे?" भाची म्हणाली. तिचा हेतू त्याला शांत करायचा होता. "आपणही म्हणतोच की, पायातली वहाण पायातच बरी."

ह्यानंतर बूटवाला जे बोलला त्यामुळे वर्तमानपत्राखालचे गृहस्थ जागे झाले आणि त्यांनी घाईघाईनं आपल्या चपला आहेत का ते पाहिलं.

बाहेर पायऱ्यांवर भाचीनं त्याला गाठलं. "मामा, शब्दाचं जाऊ दे. आईचं शुक्रवारी ऑपरेशन आहे. तू म्हणतोस ते खरं असलं तर तिचा चांगला गुडघा उघडतील, आणि जे बिघडलंय ते तसंच राहील. तू म्हणतोस ते खोटं असलं तर आपण तिला अजून लंगडत ठेवू. मला नक्की सांग. तुला कळतंय, की तुला राग आलाय?"

"दोन्ही."

"एक सांग."

"दुकानात चल."

बूटवाल्याची एक पद्धत होती. नेहमीच्या गिऱ्हाइकाचा झिजलेला सोल तो फेकत नसे. त्यावर पेन्सिलीनं तारीख टाकून तारेत ओवून ठेवी आणि नवा सोल कापताना जुना समोर धरी. जिथे आधीचा झिजला तिथे नव्याला जाड चामडं. गल्लीतल्या अर्ध्या लोकांची चाल त्याच्या भिंतीवर बोंबील वाळत घालावेत तशी टांगलेली होती. त्यानं ताईची तार काढली. इस्त्रीवाल्या बाईचे सोल लवकर जातात, सहा वर्षांत डाव्या पायाचे अकरा झाले होते. ते त्यानं फळीवर ओळीनं मांडले.

भाची वाचायला शिकलेली होती. तिनं पहिल्यापासून वाचत आणलं. पहिले आठ सोल टाचेच्या बाहेरच्या कडेला झिजलेले, एकाच माणसाच्या सहीसारखे. नवव्याचं टोक किंचित खरडलेलं. दहाव्याचं जास्त. अकराव्याला पुढे भोक.

"नववा कधीचा?"

"तारीख बघ."

दीड वर्षापूर्वीची होती. आणि ताई पहिल्यांदा पडली ती दोन महिन्यांपूर्वी.

अकरावा सोल भाचीनं उचलला, भोकातून बोट घातलं, आणि तो परत ठेवला. "गुरुवारी आईला तपासणीसाठी रक्त द्यायला बोलावलंय," ती म्हणाली. "तेव्हा डॉक्टर भेटतील. फक्त हे दाखव. दुसरं काही बोलू नकोस. चित्रकाराचं नाव काढू नकोस. शप्पथ घे."

बूटवाल्यानं शप्पथ घेतली. ती त्यानं मोडली गुरुवारी दहा वाजून चाळीस मिनिटांनी, डॉक्टरांच्या खोलीत पाय ठेवल्यापासून अकराव्या सेकंदाला.

त्यातले दहा सेकंद डॉक्टर "परत तुम्ही?" म्हणण्यात आणि पाणी पिण्यात गेले होते.

"शब्द बघितला," बूटवाला म्हणाला. "फावल्या वेळात."

"कुठला शब्द?"

इथे त्यानं पिशवी उघडायला हवी होती. सोल पिशवीत होते, ताई खुर्चीत बसली होती, भाची मामाच्या शर्टाला मागून ओढत होती. पण राग हा रांगेत उभा राहणारा गडी नाही. बूटवाल्यानं चित्रकार काढला. चित्रामागे लपून बसण्याची सवय काढली, फुकटचा सल्ला काढला, हरवलेलं चित्र काढलं, दोनशे वर्षांपूर्वीचा संपादक काढला. सात मिनिटं तो बोलत होता. नर्सनं पुन्हा पेन उघडलं आणि या वेळी खरोखर काहीतरी लिहून घेतलं.

"आणि हा शब्द तुम्ही मला वापरलात," तो शेवटी म्हणाला. "बूटवाल्याला. नेम धरून."

डॉक्टर गोंधळले होते. ते खरोखरच गोंधळले होते, हे सगळ्यात वाईट. "अहो, मला हे काहीच माहीत नाही," ते म्हणाले आणि त्यांनी टेबलावरच्या कॅलेंडरकडे बोट केलं. रोज एक पान फाडायचं छोटं कॅलेंडर. प्रत्येक पानावर एक अवघड इंग्रजी शब्द, खाली अर्थ. "सोमवारचा शब्द होता तो. औषधांच्या कंपनीनं भेट दिलंय."

बूटवाल्यानं कॅलेंडरकडे पाहिलं. गुरुवारच्या पानावर दुसराच कुठला तरी शब्द होता. म्हणजे तो गुरुवारी आला असता तर डॉक्टरांनी त्याला तो म्हटला असता. तीन रात्री तो ज्या अपमानावर जागला, तो त्याच्या मापाचा शिवलेलाही नव्हता. तयार माल होता, पहिलं गिऱ्हाईक आलं त्याला घातला.

त्यानं पिशवी टेबलावर उपडी केली. इतक्या जोरात, की अकराच्या अकरा सोल टेबल ओलांडून पलीकडे फरशीवर गेले. डॉक्टरांनी घंटी दाबली. "यांना बाहेर न्या."

"हात तर लावून बघा."

"मामा!"

"गप्प बसा," ताई म्हणाली.

ती मोठ्यानं बोलली नव्हती. पण ह्या आवाजानं तिनं बापाच्या मागे एक भाऊ वाढवला होता, एक मुलगी वाढवली होती आणि लाँड्रीच्या मालकाला पंखा घ्यायला लावला होता. घंटीसुद्धा थांबली.

"पाय माझा, आणि भांडण कुणाचं चाललंय? कोण कुठला चित्रकार आणि कुठलं ते कॅलेंडर. रक्त दिलंय मी, चालले. उद्या कापायचं तर कापा, नाही तर नका कापू. आज मला तीनशे शर्ट आहेत."

ती उठली आणि दाराकडे निघाली. खोली शांत होती, म्हणून ते ऐकू आलं. उजवं पाऊल : टप. डावं पाऊल : आधी खर्र, मग फट. टप, खर्र, फट. दाराच्या पट्टीशी डावा पंजा अडला, ताई पुढे झुकली, आणि भाचीनं तिला धरलं नसतं तर ती चौथ्यांदा पडली असती.

डॉक्टर उभे राहिले होते. त्यांनी ताईला पहिल्यांदाच चालताना पाहिलं होतं. सोमवारी तिला चाकाच्या खुर्चीतून आणलं होतं, आणि आज ती आत आली तेव्हा ते पाणी पीत होते.

"थांबा," ते म्हणाले. "कधीपासून अशा चालतात या?"

बूटवाल्यानं तोंड उघडलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यातून काही निघालं नाही. सात मिनिटं त्यानं चित्रकारावर घालवली होती. तो फरशीकडे बोट करून उभा राहिला.

डॉक्टर खाली बसले. पँट वर ओढून, उकिडवे. त्यांनी एक सोल उचलला, तारीख वाचली, दुसरा उचलला. मग त्यांनी ते बूटवाल्यानं लावले असते तसे ओळीनं लावले. एक चुकला, तो बूटवाल्यानं पायानं सरकवून जागेवर केला.

ताईला परत बसवलं. "डाव्या पायाचा अंगठा वर करा," डॉक्टर म्हणाले. सगळे अंगठ्याकडे बघत राहिले. ताईच्या कपाळावर शीर उठली. अंगठा ढिम्म. घरात आजवर ताईचं न ऐकणारा तो पहिलाच होता.

डॉक्टरांनी शुक्रवार रद्द केला. मंगळवारी कंबरेचा स्कॅन लिहिला, आणि त्याच्या आधी पायाला मुंग्या यायला लागल्या किंवा पाय आणखी लुळा पडला तर एक क्षण न थांबता यायला सांगितलं. त्यांचा आवाज बदलला होता, पण माफी त्यात नव्हती. ती कुठल्याच पानावर आली नसावी.

"काय लिहिलंत?" बूटवाल्यानं विचारलं.

"'चालीतला बदल नातेवाइकांच्या लक्षात आला.'"

"नातेवाईक म्हणून नाही आला लक्षात. नातेवाईक ही भाची पण आहे, हिच्या नाही आला. बूटवाला म्हणून आला. तसं लिहा."

"फॉर्ममध्ये तसा रकाना नाही हो."

बूटवाला पुढे सरकला. ताईनं उठून त्याच्या शर्टाची मागची बाजू मुठीत धरली, लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची तशी, आणि त्याला दाराबाहेर काढलं. सोल डॉक्टरांच्या फरशीवरच राहिले.

स्कॅनला पाच दिवस होते आणि तोवर तिनं पडू नये म्हणून दुपारी बूटवाल्यानं तिचा डावा बूट घेतला. टोक रापीनं तासून वर वळवलं. बुटाच्या नाकापासून घोट्यापर्यंत एक पट्टा जोडला, पंजाला वर धरून ठेवणारा. आरी तो अशी खुपसत होता, की चामड्याला काही सांगायचं असतं तर त्यानं कबूल केलं असतं. "नातेवाईक," तो टाक्या-टाक्याला म्हणत होता. "रकाना नाही. बापाचा रकाना."

ताईनं पाय घातला. "घट्ट आहे."

"नाहीये. पट्टा एवढाच लागतो."

"आवळतोय."

"ताई, मला कळतं. पंजा उचलायला पट्टा ताणूनच..."

"अरे, पाय कुणाचा आहे?" ताईनं बूट काढला आणि त्याच्या मांडीवर आपटला. आता ती खरोखर चिडली होती. डॉक्टरांच्या खोलीत चिडली होती त्यापेक्षा कितीतरी जास्त. "त्यानं फोटो बघितला. तू सोल बघितलास. लेकीनं पुस्तकं बघितली. दुखतं कुठे, हे एकानं तरी विचारलं मला? दीड वर्षापूर्वी तुला कळलं होतं ना, टोक झिजतंय ते? तेव्हा काय केलंस? जाड चामडं लावलंस."

नववा सोल बूटवाल्यानं स्वतःच्या हातानं तारेत ओवला होता.

त्यानं बूट उलटा केला. मग त्यानं रापीचं टोक पहिल्या टाक्याखाली घातलं, टाका कापला, दोरा ओढून काढला. दुसरा कापला.

"कुठे दुखतं?" त्यानं विचारलं.

ताईनं पाय लांब केला, पाठ भिंतीला टेकवली, आणि कंबरेपासून सुरुवात केली.